बजाबाई आणि ठराव क्रमांक सात

माढ्याच्या अलीकडं एका गावात बजाबाई राहते. तिथल्या ग्रामपंचायतीत सात मेंबर, त्यांतली ही एक, बायकांच्या राखीव जागेवर निवडून आलेली. शाळा दुसरीपर्यंत. वाचायला बसली तर एका ओळीत दुपार जाते, पण सही मात्र अशी ठसक्यात करते की खालच्या दोन पानांवर उमटावी.

त्या पंचायतीतली रीत अशी होती, की सभेला गेलं की आधी रजिस्टरात सही ठोकायची, मग चहा प्यायचा, मग ग्रामसेवक आशिषभाऊ विषय वाचणार. वाचणार म्हणजे मुहूर्त टळत आल्यावर भटजी मंगलाष्टकं उरकतात तसं. ते दम घ्यायला थांबले की सगळ्यांनी हात वर करून ‘मंजूर’ म्हणायचं. ठराव मागाहून लिहिला जायचा, आशिषभाऊंना सवड होईल तेव्हा. सह्या आधीच होऊन बसलेल्या. ठराव कुणी मांडला, तिथं ‘सूचक’ म्हणून एक नाव लागतं. आशिषभाऊ विचारायचे, मावशी, तुमचं टाकू का? ही म्हणायची, टाका की. सरकारी कागदावर आपलं नाव आलं की तिला बरं वाटायचं, खोटं कशाला सांगा.

फाल्गुनातल्या सभेत सातवा विषय निघाला, स्मशानातल्या शेडची दुरुस्ती. बजाबाई सावरून बसली. चार वर्षांमागं तिच्या मालकांना नेलं तेव्हा वरून धो धो पाऊस, शेडचे पत्रे उडालेले. चिता तीनदा विझली. हे तिनं कधी कुणाजवळ काढलं नाही. आशिषभाऊ त्याच दमात रस्त्यावरच्या दिव्यांवर गेले, आणि त्याच्याही पुढं चावडीमागच्या खोलीचं फेरवाटप असं काहीतरी म्हणाले.

चावडीमागच्या खोलीत शेजारच्या रुक्मिणीचं शेवयांचं मशीन होतं.

बजाबाईनं ऐकलं. नीट ऐकलं. विचारायला तोंडही उघडलं. पण विचारलं तर वाद होणार, वाद झाला की विषय पुढच्या महिन्यावर जाणार, आणि शेड पुन्हा राहणार. तिनं तोंड मिटलं आणि सगळ्यांच्या आधी हात वर केला.

आठ दिवसांत मशीन बाहेर निघालं आणि खोलीला पंचायतीचं कुलूप लागलं. आत पोरांची व्यायामशाळा व्हायची होती, सामान सोलापुरातून येणार होतं. शेवयांचा हंगाम नुकता लागलेला. बचत गटातल्या सहा बायका पिठाचे डबे मांडीशी घेऊन ओट्यावर बसून राहिल्या. मशीन रुक्मिणीच्या गोठ्यात गेलं, म्हशीशेजारी, आणि तिथं मोटार फिरेल इतका करंटच येईना.

रुक्मिणी म्हणजे बजाबाईची भिंतीला भिंत लागून शेजारीण. दोघी एकाच साली या गावात नांदायला आलेल्या. तिनं पंचायतीतून ठरावाची नक्कल काढली आणि वैजयंतीकडून वाचून घेतली. वैजयंती सातांतली एकटीच बी.ए. झालेली मेंबर. मग रुक्मिणी ती नक्कल घेऊन बजाबाईच्या दारात उभी राहिली.

“बजे, सूचक म्हणून हितं तुजं नाव हाय.”

“मला कुटं वाचता येतंय, रुक्मे? त्यांनी टाकलं.”

“तेच म्हणलं मी वैजयंतीला. बजीला ठावंच नसणार.”

आणि ती वळून गेली. शिव्या घातल्या असत्या तर बजाबाईला पचल्या असत्या. रुक्मिणी विश्वास ठेवून गेली, ते तिला पचेना.

दुसऱ्या दिवशी ती आशिषभाऊंकडं गेली. म्हणाली, तेवढी खोली खोडा. ते म्हणाले, तसं होत नाही मावशी, ठराव एक आहे. रद्द करायचा तर सबंध करावा लागेल, शेडसकट. तिनं विचारलं, मग तीन कामं एकात बांधलीत कशाला? आशिषभाऊ माणूस सरळ. खोलीचा विषय सुटा आणला असता तर चार हात वर झाले नसते, म्हणाले. शेडला कोण नाही म्हणणार? म्हणून नको असलेलं शेडच्या पाठीवर बसवायचं. मोठमोठ्या सभागृहांतसुद्धा कायदे असेच पुढं सरकतात म्हणे, आपलं काय घेऊन बसलात!

महिनाभर बजाबाई मालकांच्या फोटोकडं पाठ करूनच घरात वावरत होती.

पुढच्या सभेला तिनं सही केली नाही. रजिस्टर समोर आलं तसं पुढं ढकललं. सरपंच कमलाकर म्हणाला,

“काय मावशी, पेन चालंना का?”

“पेन चालतंय. आदी वाचा, मग सही.”

मग तिनं सांगितलं की सातवा ठराव रद्द करा आणि तीन विषयांचे तीन ठराव आणा. इथून पुढं एका ठरावात एकच काम. सावकाश वाचायचा, हात मोजायचे, तिथल्या तिथं लिहायचा, आणि लिहिल्यावरच सह्या. कमलाकर हसला. असं केलं तर सभा दिवेलागणीपर्यंत चालेल, म्हणाला. बजाबाईनं पिशवीतून कडक भाकरी आणि शेंगांची चटणी काढून टेबलावर ठेवली. “चालू द्या की. सगळ्यांपुरतं आणलंय.”

तेव्हा त्याचा आवाज उतरला. “शेड जाईल बरं. तुमच्याच मालकांच्या वेळेला—”

“जाऊ द्या,” बजाबाई म्हणाली.

वैजयंतीनं हात वर केला, मग आणखी दोघांनी. बजाबाईचा धरून चार. जुना ठराव रद्द झाला. नव्यानं मोजले तेव्हा दिव्यांना सात, शेडला सात. व्यायामशाळेला खोली द्यायला तीनच हात आले. पण शेडचा कागद पुन्हा पहिल्यापासून वर पाठवायचा, आणि त्या वर्षीच्या कामांची यादी तर वर गेलेली. शेड वर्षभर लांबली. बजाबाईनं शेवयांपायी मेलेल्यांना उघड्यावर टाकलं, असं लोक पारावर बोलत होते. तिनं ऐकून घेतलं.

मशीन खोलीत परत आलं त्या दिवशी बजाबाई तिथं गेली. रुक्मिणी गटातल्या बायकांना सांगत होती, बजीनं माझ्यासाठी शेड सोडली. बजाबाई मशीनमधून उतरणाऱ्या शेवया तोडून काठीवर टाकत राहिली. बायका जेवायला उठून गेल्यावर म्हणाली,

“रुक्मे, मी त्या दिवशी आयकलं हुतं.”

“काय?”

“खोलीचं. वाचता येत न्हाय ते खरं, पण आयकू येतंय की. आयकून हात वर केला.”

रुक्मिणीनं मशीन बंद केलं. शेवया अर्ध्यावर लोंबत राहिल्या. तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. बजाबाईनं काठी खाली ठेवली आणि ती चपला शोधायला लागली.

मागं बटण दाबल्याचा आवाज आला. मशीन पुन्हा घरघरलं.

“काठी धर,” रुक्मिणी म्हणाली, अजून तिकडंच तोंड करून. “आन् आखूड तोडू नकोस. खाली पडत्यात.”

बजाबाईनं चपला तिथंच सोडल्या आणि काठी उचलली.