लुसियाँचं एक मिनिट

लुसियाँ गेल्याचं त्यांच्या मुलीनं, कामीनं, मला फोनवर कळवलं. मी इथे ओमानमध्ये, सोहारच्या कारखान्यात हिशेब तपासत बसलो होतो. "बाबा सकाळी झोपेतच गेले," ती म्हणाली; आणि मग, "नाटकाचा प्रयोग होईल ना?"

कामी बंदरात इंजिनिअर. निवृत्तीनंतर लुसियाँ तिच्याकडे, आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आले. फ्रान्समध्ये त्यांनी आयुष्यभर वर्तमानपत्रात संपांच्या, कारखान्यांच्या बातम्या लिहिल्या आणि सुट्टीच्या दिवशी नाटकं. नाटकं अकरा, रंगमंचावर आली तीन. न आलेल्यांपैकी एकावर त्यांचा फार जीव होता. त्यात थोरला भाऊ विचारतो, "घर विकायचं का?" आणि धाकटा एक मिनिट काहीच बोलत नाही. तेवढं मिनिट काढा, मग नाटक करतो, असं दोन संस्थांनी सांगितलं. त्यांनी नाटक परत घेतलं.

माझ्या बायकोनं, सुनंदानं, ते त्यांनीच केलेल्या इंग्रजी भाषांतरावरून मराठीत आणलं आणि इथल्या आमच्या मराठी मंडळानं बसवलं. धाकट्याचं काम लुसियाँनी मला दिलं. मी पात्रापेक्षा वीस वर्षांनी मोठा. "पण तुम्ही साठ म्हणजे साठच मोजाल," ते म्हणाले.

प्रयोगाच्या दिवशी प्रॉम्प्टरला शिफ्ट लागली. ऐनवेळी रत्नागिरीचे इस्माईलभाई, आमचे दुकानदार, त्याच्या जागी संहिता घेऊन विंगेत बसले. मी मनात सव्वीस म्हटलं आणि विंगेतून आवाज आला, "मला नाही विकायचं, दादा." मी गप्प. पुन्हा तेच, मोठ्यानं. मग पहिल्या रांगेतल्या एक काकू म्हणाल्या, "अहो बोला की, ते सांगतायत ना." सभागृह हसलं. मी वाक्य बोलून टाकलं.

"साहेब, मला वाटलं हे विसरले," इस्माईलभाई नंतर म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता.

"पॅरिसमध्ये लोक खोकले असते," लुसियाँ हसले. "इथे मदतीला धावले." पण जिना चढताना मला हळूच म्हणाले, "ते मिनिट एकदा भरल्या सभागृहात ऐकायचं होतं..."

दुसरा प्रयोग ठरवला. तालमीत ते विंगेत इस्माईलभाईंशेजारी खुर्ची टाकून बसत आणि ते मिनिट आलं की त्यांचं मनगट धरून ठेवत. प्रयोगाला आठवडा उरला असताना ते गेले.

प्रयोग आम्ही केला. कामी समोर बसली होती. थोरल्यानं प्रश्न विचारला. एसीची घरघर तेवढी ऐकू येत होती. चाळीसच्या पुढे कुठेतरी माझे आकडे चुकले... किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. बोलण्याआधी मी विंगेकडे पाहिलं. शेजारची खुर्ची रिकामी ठेवून इस्माईलभाई बसले होते. डाव्या हातानं त्यांनी स्वतःचंच उजवं मनगट घट्ट धरलं होतं.