कॉटरचा आवाज

फ्रीव्हील विकत घेताना डोळे मिटावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. दुकानदार चकचकीत डबी उघडून समोर ठेवतो, डबीवर लाल-निळं चित्र असतं, आणि गिऱ्हाईक चित्रालाच भुलतं. मी ते मागच्या चाकाचं दातेरी चक्र बोटावर चढवून कानाशी धरतो आणि उलटं फिरवतो. त्याच्या आत स्प्रिंगवर बसलेले दोन बारीक खटके असतात, त्यांना आमच्याकडचे मिस्त्री कुत्री म्हणतात. दोन्ही कुत्री जागी असली की टिकटिक एकसारखी येते. एखादं झोपलेलं असेल तर मध्येच एक ठोका गळतो. असं फ्रीव्हील घेऊन गेलात तर भर चढावर पायडल रिकामं फिरणार आणि तुम्ही रस्त्याला शिव्या देणार.

हा कान मला वडिलांकडून मिळाला. ते मुदखेडला रेल्वेत होते. गाडी थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन एकेका चाकावर ठोका मारत जायचे आणि नुसत्या आवाजावरून कुठल्या चाकाला तडा आहे ते सांगायचे. मीही लहानपणी घागरी, कलिंगडं आणि लोकांच्या भिंती ठोकत हिंडलो. पुढे लातूरला शाळेत भूगोल शिकवायला लागलो तरी सायकल स्वतःच्या हातानं खोलायची सवय गेली नाही. "माझा कान फसत नाही" हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं की पुढे पुढे बायको ते माझ्या आधीच म्हणून टाकायची.

तो कान फसला, आणि ज्या दिवशी फसला त्या दिवसाबद्दल मी आजवर कुणाशी धड बोललेलो नाही. माझी आक्का किल्लारीच्या बाजूला एका गावात दिलेली. भूकंपाच्या आधी बरेच महिने तिकडच्या जमिनीतून आवाज येत होते. कधी लांब कुठंतरी खडीचा ट्रक रिकामा होतोय असा, कधी नुसतीच घरघर. फडताळातली भांडी वाजायची. लोकांनी अंगणात झोपायला सुरुवात केली होती. दाजी, म्हणजे आक्काचे यजमान, भित्रे नव्हते. पण घरात लहान पोर होती, आणि घर माळवदाचं, म्हणजे दगडमातीच्या दोन हात रुंद भिंती आणि डोक्यावर लाकडावर पेललेला मातीचा थर. गणपतीच्या आधी मी गेलो तेव्हा त्यांनी पाणी द्यायच्या आधीच मला ओसरीवर बसवलं.

"गुरुजी, तुमी भूगोल शिकिवता. ऐका बरं जरा. हे काय हाय?"

थोड्या वेळानं आवाज आला. मी शहाबादी फरशीला कान लावून आडवा झालो. शेजारपाजारचे पाचसहा जण जमले आणि माझ्या तोंडाकडं बघत उभे राहिले. खरं सांगायचं तर मला ते आवडलं. इतकी माणसं वर्गातसुद्धा माझ्याकडं अशी बघत नव्हती.

"जमिनीत पोकळी असती," मी उठून कपडे झटकत म्हणालो. "पावसाचं पाणी मुरतं, आतली हवा दबती, त्याचा आवाज. आपलं पठार लई जुनं हाय दाजी, एकदम टणक. इकडं भूकंप होत न्हाई, पुस्तकात दिलंय. काही न्हाई. घरात झोपा, पोरीला अंगणात सर्दी व्हायची."

पुस्तकात तसं होतं. मी ते दरवर्षी फळ्यावर लिहून देत होतो. दाजी हसले, "गुरुजींनी सांगितलं म्हणल्यावर झालं," म्हणाले आणि त्याच दुपारी खाटा आत घेतल्या. आक्का चुलीपाशी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

गणपती उठले आणि ते गाव पडलं. आक्का आणि पोर दाराला लागून झोपल्या होत्या, म्हणून त्यांना काढता आलं. दाजींना काढलं तेव्हा त्यांच्यात काही उरलं नव्हतं. आक्का मला काही बोलली नाही. तेव्हा नाही, तेराव्याला नाही, पत्र्याच्या शेडमधून नव्या जागेवरच्या घरात गेली तेव्हाही नाही. तिनं एकदा तरी माझ्या नावानं ओरडावं म्हणून मी वाट बघत होतो. ती ओरडली नाही याचा मला राग यायचा, आणि अजूनही येतो. शिक्षा न देता सोडलेल्या पोराला मास्तरची जास्त भीती वाटते, हे मला आयुष्यभर शिकवूनही तेव्हाच कळलं.

पोर दहावी चांगल्या मार्कांनी पास झाली आणि आक्कानं तिला माझ्याकडं आणून सोडलं. लातूर तोवर डाळमिलचं गाव राहिलं नव्हतं, क्लासचं गाव झालं होतं. गल्लोगल्ली खोल्या भाड्यानं गेलेल्या, भिंतीभिंतीवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो, आणि सकाळी सहाला रस्त्यावर सायकलीच सायकली. पोरीला डॉक्टर व्हायचं होतं. क्लासच्या पहिल्या बॅचमध्ये ती जेमतेम बसली होती. तिथं हजेरी कमी पडली किंवा एखादी चाचणी चुकली की दुसऱ्या बॅचमध्ये ढकलत, आणि दुसऱ्या बॅचकडं पुढं कुणी ढुंकून बघत नसे. त्या पहिल्या बॅचसाठी ती जीव टाकायची. अकरावीचा क्लास जवळ होता, बारावीचा आमच्या घरापासून लांब, मध्ये मोठा चौक. सायकलीला पर्याय नव्हता.

सगळ्या पोरी तेव्हा रंगीत, बारक्या सायकली घेत. मी नांदेडला जाऊन जुन्या घडणीची काळी लेडीज सायकल शोधून आणली. सळईचे ब्रेक, जाड नळीचा सांगाडा, माणूस वाकेल पण ही वाकणार नाही अशी. मग तिच्यावर माझे हात चालू झाले. ओढणी अडकू नये म्हणून चेनवर पूर्ण बंद कव्हर बसवलं. मागं डबल स्टँड, पुढं डायनामो, हँडलला आरसा आणि एकाऐवजी दोन घंट्या, कारण एक बिघडली तर! अठरा दातांचं फ्रीव्हील काढून बावीसचं टाकलं. दात जास्त म्हणजे पायडल हलकं, पण वेग कमी.

"गुरुजी, ही पळणार न्हाई आता," आमचा कोपऱ्यावरचा मिस्त्री म्हणाला. माझ्याहून वयानं मोठा, आणि लातुरात माझ्यापेक्षा चांगला कान असलेला एकच माणूस.

"पळायचं कुठंय तिला?"

पोर हसून म्हणाली, "मामा, वऱ्हाडातल्या नवरीसारखी सजवली हो. वर बसायची लाज वाटायली." पण बसली आणि गेली.

महिनाभरानं एका सकाळी ती दारातून परत आली. "मामा, पायडल मारलं की कट् करायलंय. काही हाय का?"

काही नाही, जा तू, असं कुठलाही मामा म्हणाला असता. माझ्या तोंडात ते दोन शब्द आलेही, पण बाहेर पडेनात. हात कापायला लागले. मी सायकल आत घेतली, उलटी केली आणि चेन कव्हर खोललं. पोर पळतच क्लासला गेली, तरी पहिला तास बुडाला. त्या दिवशी मी चेन बदलली. चार दिवसांनी पुन्हा कट्. मग फ्रीव्हील बदललं, मग पायडलं, मग तळाच्या एक्सलमधले, म्हणजे दोन्ही पायडलांच्या दांड्या जोडणाऱ्या आसातले, सगळे छर्रे. प्रत्येक वेळी दोन-तीन दिवस शांत जायचे आणि पुन्हा ती दारात उभी, "मामा, येतोय आवाज." दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. मी तर पाणीही फुंकत होतो.

शेवटी माझा सगळा संशय कॉटरवर बसला. पायडलची दांडी एक्सलवर एका तिरक्या खिळीनं पक्की होते, ती खिळी म्हणजे कॉटर. करंगळीएवढा तुकडा, पण पायानं दिलेला सगळा जोर त्याच्यावर. मी दर आठवड्याला ती ठोकून काढायचो, नवी कानसून बसवायचो आणि पुन्हा हातोडा घालायचो. एकदा मिस्त्रीनं माझ्या हातातला हातोडाच धरला.

"गुरुजी, आधी आवाज कुठून येतो ते धरा, मग सामान बदला. तुमी नुसतं सामानच बदलायलात. कॉटर एकदा बसला की बसू द्यावा. सारखं ठोकून एक्सलची खाच खराब हुती, मग कुठलाच कॉटर धरत न्हाई."

"मला शिकवू नका," मी म्हणालो. म्हाताऱ्यानं हातोडा सोडला आणि पुढचे दोन महिने माझ्याशी बोलला नाही.

दिवाळीनंतर तक्रार थांबली. मी रोज सकाळी विचारायचो, "आवाज येतोय का?" आणि ती बुटाचे बंद बांधत म्हणायची, "न्हाई मामा, मस्त चालायली." मला इतकं हलकं वाटलं की मी स्वतःहून मिस्त्रीकडं जाऊन ऐकवून आलो, बघा, कॉटरच होता. चाचण्यांमध्ये ती वर सरकत होती. जानेवारी लागल्यावर मात्र एक गोष्ट मला दिसायला लागली. पूर्वी ती फाटकातूनच सायकलीवर बसून जायची. आता गल्लीच्या टोकापर्यंत सायकल हातात धरून चालत जायची आणि वळणापलीकडं गेल्यावर बसायची. गल्लीत नळाच्या पाइपसाठी खोदलेलं होतं, त्यामुळं असेल, असं मी मनाशी म्हटलं. पुढं ते बुजवलं गेलं, तरी ती चालतच जात राहिली. मी पायरीवर उभा राहून तिची पाठ बघायचो. विचारलं मात्र नाही. उत्तर चांगलं मिळत होतं, ते मला बिघडवायचं नव्हतं.

चौकातल्या दुकानातून फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. सिग्नल सुटल्यावर ट्रकच्या आधी निघावं म्हणून ती पायडलवर उभी राहिली, आणि सगळा भार उजव्या पायावर आल्याबरोबर दांडी एक्सलवर गर्रकन फिरली. ती तोंडावर पडली. ट्रकवाल्यानं ब्रेक दाबला म्हणून बाकीचं टळलं. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. दवाखान्यात जाताना मी वाटेत सायकल पाहिली. कॉटर गळून पडला होता, आणि एक्सलवरची खाच, जिथं तो घट्ट बसायचा, ती झिजून नुसती गोल झालेली. ते काम रस्त्याचं नव्हतं, चौकाचं नव्हतं. ते माझ्या हातोड्याचं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

प्लास्टर सहा आठवडे राहील असं डॉक्टर म्हणाले. बारावीचा पहिला पेपर महिन्यावर आला होता. पोर कॉटवर टक्क डोळ्यांनी पडली होती, रडत नव्हती.

"आवाज येत होता का?" मी विचारलं.

"हाव."

"कधीपासून?"

"तीन आठवडे झाले आसतील."

मग मात्र मी ओरडलो. मला का सांगितलं नाही, रोज विचारत होतो ना, तोंड शिवलं होतं का, असं काय काय बोललो. वॉर्डातली माणसं वळून बघायला लागली. ती माझं ओरडणं संपेपर्यंत थांबली.

"सांगितलं आसतं तर तुमी सायकल खोलली आसती मामा. माझा क्लास बुडला आसता. आन् आवाज म्हणलं की तुमचे हात कापतात. आईनंच सांगून ठिवलंय, मामाला आवाजाचं काही सांगू नको म्हणून."

मी तिच्याशेजारच्या स्टुलावर बसून राहिलो. आक्का इतकी वर्षं गप्प राहिली ती मला शिक्षा म्हणून, असं मी धरून चाललो होतो. ती मला सांभाळत होती, आणि पोरीलाही तेच शिकवून पाठवलं होतं, हे माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

दुपारच्या एसटीनं आक्का आली. वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर होता. मी तिला घ्यायला खाली उतरलो तर ती पहिल्याच वळणावर कठडा धरून उभी होती. चेहरा राखेसारखा झालेला, एक तळहात छातीवर दाबून धरलेला. मी पिशवी घेतली आणि तिला एकेक पायरी चढवत वर आणलं. प्रत्येक चार पायऱ्यांनी ती थांबत होती. तिच्या श्वासात बारीक घरघर होती आणि ती मला स्पष्ट ऐकू येत होती.

"आक्का, काय होतंय तुला?"

"काही न्हाई रे. जिने हायत, दुसरं काय."

ती कॉटच्या कडेला बसली आणि पोरीच्या कपाळावरून हात फिरवला. पोरीनं आधी आईच्या छातीवरच्या हाताकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आक्कानं मान अगदी बारीक हलवली. पोरीनं तोंड मिटलं आणि डोळे प्लास्टरवर खाली घेतले.

"कधीपासून?" मी विचारलं.

आक्कानं पिशवी ओढून पोरीसाठी आणलेला डबा उघडायला घेतला.