चुनीचे शंकरपाळे

तुरीची डाळ सगळेच खातात. पण डाळ करताना गिरणीत मागे काय उरतं, हे आमच्या कॉलनीत विचारलं तर निम्म्या लोकांना सांगता येणार नाही, आणि ज्यांना येतं ते सांगणार नाहीत. चुनी उरते. डाळीचा चुरा, मोडकी खांडं आणि टरफलं यांचा ढीग. पोत्यांत भरून ती ढोरांसाठी जाते. टरफल पाखडून काढलं की खाली जे राहतं ती डाळच असते, फक्त तिचा आकार मोडलेला असतो. आकार मोडला म्हणून माणसाने खायचं नाही, हा कुठला कायदा आहे ते मला अजून कळलेलं नाही.

माझ्या मोठ्या बहिणीने या चुनीचे तिखट शंकरपाळे केले. त्याचं पुढे काय झालं, ते सांगते.

ताईला नेरला दिलं होतं. नवरा पिणारा. "पितो, पण हात नाही लावत हो," असं तिची सासू येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायची, आणि तेही खोटं होतं. गेल्या पावसाळ्यात ताई एक बॅग घेऊन यवतमाळला आली. स्टँडवरून ऑटो करून घरी उतरली, बॅग पलंगाखाली सरकवली आणि भाजी चिरायला बसली. आई नाही आम्हाला. बाबा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांनी दोन दिवस काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी नेरहून मध्यस्थ आला, दोन्हीकडच्या ओळखीतले एक काका. ते गेल्यावर बाबा ताईला म्हणाले, "होळीपर्यंत पाहू. तुझं इथं काही बसलं तर ठीक. नाहीतर मले त्यायच्याशी बोलावं लागते."

काही बसलं म्हणजे काय, तर तिची स्वतःची कमाई. मुलीने माहेरी नुसतं राहायचं नसतं, कारणाने राहायचं असतं. बाबा वाईट माणूस नाहीत. आमच्या कॉलनीत असंच बोलतात, एवढंच.

मी तोवर दारूबंदीच्या कामात दोन वर्षं होते, तीही ताईमुळेच. कॉलेजपासून पत्रकं लिहीत आले. प्लास्टिक, पाणी, लग्नाच्या बुफेतलं वाया जाणारं जेवण. पत्रकात गोड बोलायची सोय नसते. एका पानात सांगायचं असतं आणि वाचणारा चौकात उभा असतो. ती सवय मला लागली ती लागलीच. ताई म्हणायची, "तू चहाबी मोर्च्यात मागल्यासारखा मागतं."

चुनीची कल्पना तिची. बाभुळगावच्या रस्त्याला एक दालमिल आहे, तिथून ती पहिलं पोतं घेऊन आली. गच्चीवर पाखडलं, उन्हात घातलं, दळून आणलं. त्यात ज्वारीचं पीठ, ओवा, तीळ. आठवडी बाजार उठताना टोमॅटोवाले मऊ पडलेला माल तिथेच टाकून जातात. ती तो त्यांच्याकडूनच मागून आणायची, चांगला निवडून घ्यायची, चकत्या वाळवून भुकटी करायची. ती भुकटी वरून भुरभुरली की आंबटतिखट चव यायची. शंकरपाळे पातळ लाटलेले, कडक. एक खाल्ला की हात परत डब्याकडे जायचा. अन्न परवाना काढला, पाकिटं बंद करायचं मशीन घेतलं, आणि लेबल मी लिहिलं.

"गिरणीत मागे उरणाऱ्या तुरीच्या चुनीपासून आणि बाजारात टाकून दिल्या जाणाऱ्या टोमॅटोपासून. अन्न वाया घालवू नका."

छापायला द्यायच्या आधी ताईने ते दोनदा वाचलं. म्हणाली, "खरं आहे ना? मग राहू दे."

दुकानांत पाकिटं बरी खपत होती. संक्रांतीला कॉलनीच्या महिला मंडळाच्या काकू घरी आल्या. दारूबंदीच्या मोर्च्यात मी आणि काकू एकाच बॅनरची दोन टोकं धरायचो, त्यामुळे येणंजाणं होतं. चहासोबत शंकरपाळे दिले. काकूंनी वाटी संपवली.

"कायचे वो हे?"

"डाळीचे," ताई म्हणाली.

"मस्तच हायेत. मी म्हणते, या वर्षी वाणात हेच देऊ. ते प्लास्टिकचे डबे देऊन देऊन घरोघरी डोंगर झाले. तेवढाच आपल्या पोरीले हातभार."

हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येक बाईला वाण म्हणून काहीतरी वस्तू द्यायची रीत आहे. एवढी मोठी ऑर्डर ताईला आधी कधी मिळाली नव्हती. बाबांनी स्वतः जाऊन तेलाचा डबा आणला. ते स्वयंपाकघरात आले, परातीतला एक शंकरपाळा उचलला, आणि न खाता परत ठेवला. तेव्हा मला वाटलं दात दुखत असेल.

हळदीकुंकू मंडळाच्या हॉलमध्ये होतं. तिळगुळासोबत शंकरपाळ्यांची ताटं फिरत होती. पहिली दोन ताटं रिकामी झाली, तिसरं आलं, बायका हातावर घेऊन खात होत्या, गप्पा चालल्या होत्या. मग वाण वाटलं. एका बाईने चष्मा लावून पाकीट वाचलं.

"चुनी म्हणजे? ढोराईची चुनी?"

"हाव, तीच," मी म्हटलं. "पाखडून, स्वच्छ करून."

"अन् टोमॅटो फेकलेले?"

"फेकायच्या आधीचे. त्याच टोपल्यातले सकाळचे तुम्ही भाव करून नेले."

कोणीतरी हसलं. कोणीतरी हातातला अर्धा शंकरपाळा कागदात गुंडाळला. तोंडात होता तो मात्र कोणी थुंकला नाही, हे नोंदवून ठेवते. मागून एकजण हळूच म्हणाली, "आता आपल्याले गव्हाणीवर बांधतात का मग?" आणि हॉल खदखदला. ताई तिथे नव्हती. जिचं नांदणं मोडलं तिला हळदीकुंकवाला बोलवत नाहीत. तिच्या हातचं वाण चालतं, तेही लेबल वाचेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाच्या ग्रुपवर फोटो आले. गोरक्षणात, म्हणजे गावच्या गोशाळेत, चार बायका, डोक्यावर पदर, पाकिटं फोडून गव्हाणीत ओतताहेत. खाली लिहिलं होतं, "वाणाचे पुण्य गोमातेच्या चरणी." त्याखाली हात जोडलेल्यांची रांग लागली होती.

वाण परत करायचं नसतं. ते केलं तर यजमानणीचा अपमान. टाकायचं तर अन्नाचा अपमान. म्हणून हा तोडगा. कुणालाच नाही म्हटलं नाही, आणि वर पुण्यही मिळालं. असं डोकं चालवायला खरंच पिढ्यान् पिढ्यांची सवय लागते.

मी गाडी काढून गोरक्षणात गेले. तिथल्या माणसाला विचारलं, गाईंनी खाल्लं का.

"कायचं खाते? तिखट, तळेल. तोंड लावलं अन् मागं सरकल्या. मीच मंग उचलून टाकलं तिकडं." त्याने हात केला. कुंपणाशी उकिरडा होता. शेणावर ते पडले होते, ताईने लाटलेले, एकेक सारख्या मापाचे. गिरणीतून वाचवलं, बाजारातून वाचवलं, गच्चीवर राखण करून वाचवलं, आणि शेवटी चार बायकांनी पदर घेऊन ते उकिरड्यावर नेलं. मी फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली काही लिहिलं नाही. दहा मिनिटांत मला ग्रुपमधून काढलं.

त्यानंतर दुकानदार पाकिटं परत द्यायला लागले. एकाने सरळ सांगितलं, "ताई, चव चांगली हाये, पण बायाच चिडवून राह्यल्या. गुरांचा माल ठेवता म्हणते." पाकिटं घरात साचत गेली. एका संध्याकाळी मी बाबांवर उखडले. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, काकूंच्या घरी जाऊन विचारायला पाहिजे होतं, असं बरंच काही.

बाबा टीव्ही बंद करून म्हणाले, "आम्ही चुनी खाल्ली आहे. मी लहान होतो, तेव्हाच्या दुष्काळात. चुनीची भाकर, दुसरं काही नाही. शेजारच्याले दिसू नये म्हणून माय दार लोटून भाजे." मग म्हणाले, "त्या काकूंच्या घरीबी तेच होतं. त्यायचं घर आमच्या गल्लीतच होतं. तिले नाव वाचल्याबरोबर ओळख पटली असन. तुले काय वाटते, तिले कळत नाही चुनी खाता येते म्हणून?"

म्हणजे हे त्यांना माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. आता घरात फ्रीज आला, दारात गाडी आली, आणि हॉलमध्ये सगळ्यांसमोर कोणीतरी ते दार उघडलं. मला बाबांची दया यायला हवी होती. आली नाही. तुम्हा सगळ्यांना उपाशी ठेवलं ते पावसाने आणि सरकारने, आणि त्याचा राग काढायला तुम्हाला माझी बहीण सापडली.

होळी जवळ आली. मध्यस्थ काकांचे फोन वाढले. ताई फोन वाजला की गच्चीवर जायची, तिथे वाळत घालायला काही नसलं तरी.

मग एक दिवस एक माणूस आला. दारव्हा रोडच्या एका बारला आणि आणखी दोनतीन ठिकाणी चखना पुरवणारा. कुठल्या तरी दुकानदाराने परतीचं पाकीट त्याला चाखायला दिलं होतं. त्याने लेबलाकडे पाहिलंही नाही.

"कडक राहते का दोन दिवस?"

"आठ दिवस राहते," ताई म्हणाली.

"पाकीट नको. खुल्यात द्या, पोत्यात. तिखट थोडं वाढवा, म्हणजे गिऱ्हाईक दुसरा मागवते."

दुसरा म्हणजे दुसरा पेग. ते ताईलाही कळलं, मलाही. मी मध्ये बोलायला तोंड उघडलं तर ताईने माझ्याकडे न बघता त्याला विचारलं, "रोज लागन का?"

"रोज."

तो गेल्यावर मी जे बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. एवढं म्हटलं, की ज्या बाटलीने तुझं घर मोडलं तिच्या शेजारी तू बशी ठेवणार. मी त्याच बारसमोर घोषणा देते. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुझ्या घोषणेनं तो बार बंद झाला का?"

"होईल."

"झाला की मी बंद करीन. तोवर मले नेरले नाही जायचं." आणि चुनीचं पोतं सोडायला बसली. "तुझ्या मोर्च्यातल्या बायांनी माहं गायीले घातलं. त्या पिणाऱ्यानं निदान खाल्लं."

 

फाल्गुनात दारूबंदीची बैठक झाली, काकूंच्या अंगणात. पुढच्या मोर्च्याचं ठरत होतं. शेवटी काकूंनी मला बाजूला घेतलं, पण आवाज सगळ्यांना ऐकू जाईल एवढा ठेवला.

"तुझ्या ताईचं कानावर आलं. हे शोभत नाही बाप्पा. ज्या पोरीचा संसार दारूनं गेला तिनंच चखना विकायचा? लोक आपल्याले काय म्हणतीन? तिले सांग बंद कर. नाहीतर तू काही दिवस समोर नको चालू."

"काकू, बंद करते ती. तुम्ही महिन्याचं वाण घ्या तिच्याकडून. गोरक्षणात टाका हवं तर, मी काही म्हणत नाही."

"असं तोडून कायले बोलतं वं?"

"मग कसं बोलू? तुमच्या मायनं दार लोटून जे भाजलं तेच ताईनं पाकिटात भरलं. तुम्ही वाटीभर खाल्लं होतं, माझ्यासमोर."

 काकूंचा चेहरा पांढरा पडला, आणि त्या क्षणी मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू. त्यांनी बॅनरची घडी माझ्या हातातून काढून घेतली, सावकाश, चारी टोकं जुळवून, आणि शेजारच्या बाईकडे दिली.

घरी पोचले तर बातमी माझ्या आधी पोचली होती. ताई गॅसपुढे उभी होती, कपाळ घामाने भिजलेलं.

"माह्यावरून कायले भांडली? आता दळणवाला बी तिच्याच नात्यातला आहे, मले उद्या दळून देईन का तो?"

"मी तुझ्या बाजूनं बोलले."

"मले बाजू नको. मले दळण पाहिजे." तिने झारा निथळून परातीत पालथा केला. "बारवाल्याचा फोन आला होता, उद्या दुप्पट पाहिजे. लग्नसराई लागली."

होळीच्या दोन दिवस आधी मध्यस्थ काका पुन्हा आले. बाबांनी त्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं. ताई आत तळत होती, तिने बाहेर डोकावलंही नाही.

"काय ठरवलं मग?" काकांनी विचारलं.

"नाही येणार ती," बाबा म्हणाले. "तिचं काम सुरू झालं इथं."

"कायचं काम?"

बाबांनी चष्मा काढून पुसला. निवृत्त माणसं उत्तर लांबवतात तशी मान हलवली. "खाण्याच्या वस्तूंचं," ते म्हणाले. "बाहेरून ऑर्डर राहते."

काका उठले. मी आत गेले. दळण त्या दिवशी दुसऱ्या गिरणीतून, गावाच्या पार दुसऱ्या टोकाकडून आणायचं होतं. ताईने पीठ आणायचा डबा माझ्यापुढे सरकवला आणि तेलाकडे वळली.