मचाणावरून रेवाने ऐकलेलं नाव

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतोय आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसायला म्हणून. चकवा, पैंजणांचा आवाज, रस्त्यात लिफ्ट मागणारी बाई... मला यातलं कधी काही पटलं नाही. नागपूरला कॉलेजात असताना पोरं पैज लावून अमावस्येला घाटावर जायची. मी होस्टेलवर झोपायचो. घाबरून नव्हे, झोप प्यारी म्हणून. त्यामुळे हे लिहिताना थोडं ओशाळल्यासारखं होतंय. पण वर्ष होत आलं, डोक्यातून जात नाही.

मी इकडे परदेशात, ब्रॅकनेलला राहतो, आयटीत आहे. बायको प्राची नर्स आहे, तिच्या शिफ्ट्स. मुलगी रेवा तेव्हा साडेपाच वर्षांची होती, आणि घर बदलल्यापासून रोज पहाटे साडेचारला टक्क जागी व्हायची. रोज! शनिवार-रविवारसुद्धा. त्या वर्षातली माझी मुख्य आठवण म्हणजे थकवा. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून डोळे मिटायचो.

शेजारी ग्रॅहम राहतो. सत्तरीचा, रिटायर्ड इलेक्ट्रिशियन, एकटा. त्याच्याकडे रायफलचं लायसन्स आहे, आणि तासाभरावरच्या एका शेतकऱ्याने त्याला हरणं मारायची परवानगी दिलेली आहे. इकडे हरणं फार झालीत, पिकं आणि नवी झाडं खाऊन टाकतात. एकदा त्याचं गॅरेज उघडं होतं आणि रेवाने आत उलटं टांगलेलं हरीण पाहिलं. मला वाटलं, आता भोकाड पसरणार. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "नेक्स्ट टाइम मी येऊ?" मग ग्रॅहम दिसला की हाच प्रश्न. शेवटी तोच म्हणाला, "तू बरोबर येणार असशील तर आणूया तिला."

प्राची भडकली. "तुझी आई आली की आपण फ्रिजमधली अंडी लपवतो, आणि तू पोरीला शिकारीला नेणार?"

"एकदा बघेल आणि विषय संपेल," मी म्हटलं.

खरं कारण वेगळं होतं. त्या शनिवारी प्राचीची ड्यूटी होती, रेवा साडेचारला उठणारच होती, आणि ती सकाळ दुसऱ्या कोणीतरी सांभाळली असती तर मला हवंच होतं. बाप म्हणून एवढीच माझी पात्रता उरली होती तेव्हा.

नोव्हेंबर होता. सहाच्या सुमारास शेतावर पोचलो. झाडांच्या कडेला लाकडी मचाण होतं, तिन्ही बाजूंनी फळ्या लावलेलं, तिघं दाटीवाटीने मावतील एवढं. समोर गवताचं मैदान, त्यापलीकडे हळूहळू चढत जाणारा उतार, त्यावर कमरेएवढं वाळकं, तपकिरी झुडूप. ग्रॅहमने रेवाला समजावलं होतं, "गोळी हरणातून आरपार जाते. म्हणून मागे नेहमी माती पाहिजे. नुसतं आकाश असेल तर मी मारत नाही." तिने गंभीरपणे मान हलवली होती.

ती माझ्या दोन पायांच्या मध्ये, खाली फळीवर बसली. कानांवर आवाज अडवणारे मोठे गुलाबी मफ्स, हातात बिस्किट. मी उचलून उभं केल्याशिवाय तिला बाहेरचं काहीही दिसणं शक्य नव्हतं. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण नंतर प्रत्येकाने पहिला प्रश्न हाच विचारला.

उजाडायला लागलं. धुकं गवतावर बसलेलं. मला डुलकी लागत होती. ग्रॅहमने कोपराने ढोसलं. हरणाची एक मादी उतारासमोर येऊन उभी होती, आमच्याकडे कूस करून. अगदी स्थिर. ग्रॅहमने उष्णता दाखवणारी छोटी दुर्बीण फिरवून सगळीकडे बघितलं, ठेवली, आणि गाल रायफलीला टेकवला.

तेवढ्यात रेवाने माझी पँट ओढली.

"शू... गप बस," मी पुटपुटलो.

तिने परत ओढली. वर न बघता, बिस्किट खात म्हणाली, "बाबा, ग्रॅहमला थांब सांग. तिथे आजोबा बसला आहे."

"कुठे?"

"हरणाच्या मागे. त्याला खूप थंडी वाजते. तो मोरीन, मोरीन करतो."

मी ग्रॅहमच्या कानाशी म्हणालो, मागे कोणीतरी आहे म्हणते. त्याने लगेच ट्रिगरवरून बोट काढलं, दुर्बिणीतून पुन्हा बघितलं. "कोणी नाहीये, मेट. फक्त हरीण." आणि पुन्हा गाल टेकवला.

माझ्यासारखा माणूस इथे गप्प बसतो. दुसऱ्याचा देश, दुसऱ्याचा खेळ, उगाच तमाशा कशाला. शिवाय लहान मुलं काहीही बोलतात. मला तिचं पटलं होतं असंही नाही. तरी मी हात पुढे केला आणि रायफलीवरच्या दुर्बिणीपुढे तळवा धरला. भरलेल्या रायफलीपुढे... असं कोणी, कधीही करायचं नसतं.

ग्रॅहमचा चेहरा पांढरा पडला. त्याने गोळ्या काढल्या. हरीण शांतपणे चालत झाडीत गेलं.

"चला," तो म्हणाला, "आता तिला दाखवूनच देऊ तिथे कोणी नाही ते."

उतारावर, झुडपात, एक म्हातारा गृहस्थ बसला होता. पायजमा, वर स्वेटर, एका पायात सपात. सगळा भिजलेला. ओठ निळे. डोळे उघडे, पण आम्ही आलेलं कळलं असेल असं वाटलं नाही. ग्रॅहमने मागे वळून मचाणाकडे बघितलं. मग हरीण उभं होतं त्या जागेकडे. मग पुन्हा मचाणाकडे. आणि तो तिथेच ओल्या गवतात खाली बसला.

मी अँब्युलन्सला फोन लावला. ग्रॅहमने स्वतःचा कोट त्या गृहस्थावर घातला. रेवाने आपले गुलाबी मफ्स काढले आणि त्याच्या कानांवर चढवले. "आता गरम होईल," ती त्याला म्हणाली.

अँब्युलन्सवाल्यांनी त्यांना नेलं. ते वाचले.

दोन आठवड्यांनी त्यांच्या मुलीचा आभाराचा फोन आला. वडलांचं नाव डेनिस, स्मरणशक्ती गेलेली, आदल्या संध्याकाळी मागच्या दाराने निघून गेले होते. बोलता बोलता मी विचारलं, "मोरीन कोण?"

"माझी आई. चार वर्षांपूर्वी गेली. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"ते हाक मारत होते ना. माझ्या मुलीने ऐकलं."

"नाही," ती म्हणाली. "शक्य नाही. स्ट्रोकनंतर तीन वर्षांत बाबांच्या तोंडून एक शब्दही आलेला नाही. त्यांना बोलताच येत नाही."

प्राचीचं म्हणणं, रेवाने नाव कुठेतरी शाळेत ऐकलं असेल. ग्रॅहमचं म्हणणं, दाट झुडपाआड दुर्बिणीला उष्णता दिसत नाही. ते बरोबरही असेल. पण ती दुर्बिणीची गोष्ट झाली, रेवाची नाही. रेवाला विचारलं तर म्हणाली, "मफ्स लावला होता ना, म्हणून नीट ऐकू आलं." ग्रॅहमने त्या आठवड्यात रायफल पोलिसांकडे जमा करून टाकली. तो माझ्याशी पूर्वीसारखाच बोलतो, पण या विषयावर नाही.

फेब्रुवारीत आम्ही डेनिसना भेटायला केअर होममध्ये गेलो. खिडकीपाशी बसले होते, टीव्हीकडे तोंड करून. रेवा समोर उभी राहिली, हॅलो म्हणाली. त्यांनी बघितलंही नाही. परत निघाल्यावर मी, उगाच सहज विचारतोय असं दाखवत, म्हटलं, "आज काही म्हणाले का ते?"

"नो, बाबा," ती वैतागून म्हणाली. "ही वॉज वॉचिंग टेली."

नंतर कधीच तसं काही झालं नाही. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. कोणाकडे असेल तर जरूर लिहा, पण "लहान मुलांना दिसतं" एवढंच लिहू नका. ते मीही स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलंय.

त्या दिवशी केअर होममधून घरी पोचेपर्यंत ती मागच्या सीटवर झोपली होती. मी इंजिन बंद केलं आणि तसाच बसून राहिलो. बराच वेळ, कान देऊन. काही नाही. मग प्राचीचा मेसेज आला, दूध आणलंस का?

नव्हतं आणलं. गाडी पुन्हा सुरू केली.