गार बेअरिंग

चौसाळ्यात आमची पिठाची गिरणी होती. येता-जाता अण्णा, म्हणजे माझे वडील, तिचा दांडा ज्यात फिरतो त्या बेअरिंगवर उलटा हात ठेवत. गरम लागलं की पट्टा उतरवून दांडा कुठं तिरपा झालाय ते बघत. नाहीतर "गार हाय" म्हणत आणि पुढच्याचा डबा घेत. मी जहाजावर इंजिनिअर झालो तरी ती सवय माझ्याबरोबर आली. इंजिनापासून जहाज ढकलणाऱ्या पंख्यापर्यंत जाणारा माझा दांडा लांबलचक, एवढाच फरक.

अण्णांना अंबाजोगाईच्या दवाखान्यात ठेवलं तेव्हा आमचं जहाज परदेशात, दुरुस्तीसाठी पाणी उपसलेल्या कोरड्या गोदीत होतं. बेअरिंग बदलून दांडा पुन्हा बसवला होता. माझी सुट्टी मंजूर होती. दांड्याचे दोन तुकडे जोडले की मी मोकळा. गोदीचा फोरमन म्हणाला, माप बरोबर आलंय, जोडून टाकू. पण ते माप कोरड्यातलं. पाण्यात उतरल्यावर जहाजाचं अंग जरा वाकतं, उन्हानंही वाकतं. म्हणून खरं माप पाण्यात, पहाटे, डेक तापायच्या आत घ्यायचं असतं. दांडा केसभर तिरपा राहिला तरी सगळा भार एकाच बेअरिंगवर येतो, ते जळतं, आणि भर समुद्रात जहाज माणसांसकट ओंडक्यासारखं तरंगत राहतं.

अण्णांजवळ धाकटा भाऊ होता. त्यानं फोन त्यांच्या कानाला लावला. आत्ताच दांडा जोडून निघू का, मी विचारलं.

"घाई कावून करतूस?" अण्णांचा आवाज खोल गेला होता. "दांडा नीट बसव आन मग ये. मी कुटं चाललोय?"

मी फोरमनला थांबवलं. जहाज पाण्यात उतरलं. पहाटे माप घेतलं, तर दांड्याच्या दोन तुकड्यांच्या तोंडांमध्ये खालच्या बाजूला फट. फोरमन तोंड पाडून उभा राहिला. माझं खरं ठरलं याचा आनंद सोडाच, मला संताप आला. त्या जहाजाचा, समुद्राचा, माझ्या नोकरीचा. बेअरिंग उचलून बसवण्यात तो दिवस गेला, पुढचाही गेला. मग जहाज चालवून पाहिलं. जहाजाच्या तळाशी दांडा जातो त्या बोगद्यात मी एकटाच बसलो होतो, बेअरिंगवर हात ठेवून. तिथं फोन लागत नाही. एवढा एकटा मी कधीच नव्हतो. बेअरिंग गार राहिलं.

घरी पोचलो तर अंगणात माणसं बसलेली. भाऊ पुढं आला. "सकाळीच गेले, दादा. लई वाट बघितली तुजी."

अण्णांना ओसरीवर निजवलं होतं. काय करावं सुचेना, तेव्हा मी त्यांच्या कपाळावर उलटा हात ठेवला.

आता मी पुन्हा समुद्रावर आहे. पाळी सुरू झाली की बोगद्यात उतरतो, बेअरिंगवर हात ठेवतो. पूर्वी तिथं ऐकायला कुणी नसलं तरी मी मोठ्यानं म्हणायचो, "गार हाय." आता म्हणत नाही.