गिळलेली पावती

बूअलाम चांभाराचा पाय हल्ली घरात ठरत नव्हता. दुकान उघडायचा, एखादी टाच ठोकायचा, की निघाला मेदिया गावाच्या चौकात, जुनी तिकिटं-नोटा विकणाऱ्या रझ्कीकडे. रझ्कीच्या वहीत फ्रेंचांविरुद्धच्या स्वातंत्र्यलढ्याच्या वर्गणीच्या पावत्या लावलेल्या होत्या. चंद्रकोर, चांदणी, रक्कम; नाव कुणाचंच नाही. फ्रेंच शिपायांना घरात पावती सापडली तर माणूस परत येत नसे, म्हणून वर्गणी नेणारा बजावून जाई, "बघ आणि गिळून टाक." बूअलामने गिळली. ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्या पावत्या आज रझ्की सोन्याच्या भावाने विकतो. घ्या!

त्या वर्गणीचे पैसे बूअलामने बायकोचे चांदीचे तोडे विकून आणले होते, तिला न विचारता. तेव्हापासून खदूज म्हणत आली, माझे तोडे पत्त्यांत उडवले. स्वातंत्र्य आलं, नातवंडं झाली, तोडे पत्त्यांतच राहिले. गावाने काही म्हणो, हिने एकदा खरं मानावं, एवढंच त्याला हवं होतं. आणि परवा तिची छाती तपासून डॉक्टरने नुसती मान हलवली होती.

शेवटी त्याने एक पावती विकत घेतलीच. घरी येऊन तिच्यापुढे धरली.

"ही बघ. अशीच होती."

"तुझी का ही?"

'हो' जिभेवर आलं होतं. "नाही. माझी गिळली."

"त्या रझ्कीकडे वहीभर आहेत म्हणे. सगळ्यांनी जपून ठेवल्या, तुलाच तेवढी भूक लागली होती का रे, म्हाताऱ्या?"

बूअलामचं डोकंच फिरलं. पावती चुरगळून त्याने तोंडात कोंबली. दात उरलेले चार, कागद जाड. घास घशात अडकला आणि डोळे पांढरे झाले. खदूज धडपडत उठली. पाण्याचा पेला त्याच्या तोंडाला लावून पाठीत धपाटे घालू लागली.

"गीळ, मेल्या, गीळ!"

कागद उतरला. तिचा हात पाठीवरच राहिला.

"त्या वेळी पाणी कुणी दिलं होतं?"

"कोण देणार? तू दारात झडतीला आलेल्या शिपायांशी भांडत होतीस. कोरडाच गिळला, घसा सोलून निघाला."

खदूजने पेला खाली ठेवला.

"त्या दिवशी तू भाकरीला हात लावला नाहीस," ती म्हणाली. "मला वाटलं, पत्त्यांत हरून आलाय, म्हणून तोंड लपवतोय."

आणि तिने पेला पुन्हा भरून त्याच्या हातात दिला.