लग्नात वाजलेल्या मयताच्या घंटा

विल्फ गॅदरकोलनं मिसेस ट्रसलरच्या पोराच्या लग्नात मुद्दाम मयताच्या घंटा वाजवल्या, अशी कुजबुज आमच्या कॅथेड्रलच्या आवारात अजून चालते. मीही ती चार घरी चहाबरोबर वाढली आहे, खोटं कशाला बोलू?

कारणही तसंच होतं. मिसेस ट्रसलरचं लॉज कॅथेड्रलच्या अगदी समोर. रविवारी घंटांनी पर्यटकांची झोपमोड होते, म्हणून बाईंनी तक्रारीची अकरा पत्रं लिहिली होती. विल्फ बीटच्या शेतावरचा गडी, चोपन्न वर्षं दोर ओढलेला, आम्हा घंटावाल्यांचा म्होरक्या. राग नाकाच्या शेंड्यावर. "झोपायचं होतं तर घरी झोपायचं! कॅथेड्रल बघायला येतात आणि घंटा वाजली की कान झाकतात!"

त्या शुक्रवारी म्हाताऱ्या ऑर्गनवाल्याला पुरलं. मयत असलं की प्रत्येक घंटेच्या लोलकाला एका बाजूनं कातडी टोपी बांधतात. मग एक ठोका मोकळा, दुसरा गोधडीत गुंडाळल्यासारखा. शनिवारी लग्न. टोप्या काढायचं काम विल्फचं. घंटांकडे जाणारी शिडी तो दुसऱ्या कुणाला चढू देत नसे.

"काढल्यास का रे टोप्या?" मी विचारलं.

"तू तुझा दोर सांभाळ, थेरड्या!"

नवरानवरी दारात आली, आम्ही दोर ओढले. ढण्ण, धप्. ढण्ण, धप्. पर्यटकांना वाटलं ही इथली जुनी रीतच. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मिसेस ट्रसलर मनोऱ्याच्या पायथ्याशी वाट अडवून उभ्या. "माझ्या पोराला जिवंतपणी पुरलंस, मेल्या!"

"पुरलंत तुम्ही, बाई. मी नुसती वाजवली."

सोमवारी कॅथेड्रलची समिती बसली. हातून चूक झाली म्हण, नाहीतर मनोऱ्याची किल्ली ठेव, असं अध्यक्ष म्हणाले. विल्फचे कान बीटासारखे लाल झाले.

"चूक? माझ्या हातून? मुद्दाम केलं! लिहून घ्या! पुन्हा करीन!"

त्यानं किल्ली टेबलावर अशी आपटली की अध्यक्षांचा चहा सांडला. मेला तोवर त्यानं परत दोराला हात लावला नाही, आणि रविवारी घंटा सुरू झाल्या की खिडक्या लावून घ्यायचा.

मुद्दाम काहीच केलं नव्हतं. शुक्रवारी टोप्या बांधून उतरताना त्याचा गुडघा गेला होता. शनिवारी त्याला शिडीच्या सहाव्या पायरीपलीकडे चढवेना, टोप्या तशाच राहिल्या.